जुन्या लॅपटॉपवर हायकू: बसवताना आणि वापरताना

हायकू ही ऑपरेटिंग सिस्टिम लिनक्स नाही. विंडोजचा किंवा बीएसडीचा अवतारही नाही. नव्वदच्या दशकात बी या कंपनीने बीओएस नावाची ऑपरेटिंग सिस्टिम काढली होती. २००१ मध्ये ती कंपनी पाम या कंपनीकडे गेल्यावर चाहत्यांनी तीच सिस्टिम नव्याने, मुक्त परवान्याखाली लिहायला घेतली. आधी तिचे नाव ओपनबीओएस होते, २००४ पासून हायकू झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये तिची पाचवी बीटा आवृत्ती आली आणि पुढचे सगळे त्याच आवृत्तीला धरून आहे.

आधी अपेक्षा ठरवा. हायकूत थ्रीडी ग्राफिक्स प्रवेग नाही, चित्र सगळे प्रोसेसर काढतो. लॅपटॉप झाकल्यावर झोपवण्याची सोय नाही, ब्लूटूथ धरू नका. पासवर्डाने वेगळे केलेले अनेक वापरकर्तेही नाहीत. जो समोर बसेल तो मालक. म्हणून बँकेची कामे किंवा ऑफिसचा एकमेव लॅपटॉप यासाठी हायकू घेऊ नका. लेखन, मेल, संगीत, प्रोग्रॅमिंग, कागदपत्रांची जमवाजमव अशा कामांना मात्र घरात धूळ खात पडलेले दहा-बारा वर्षांपूर्वीचे यंत्र तिच्यावर चपळ चालते.

किमान गरज पेंटियम २ प्रोसेसर, ३८४ एमबी मेमरी आणि ३ जीबी जागा एवढीच सांगितलेली आहे. तेवढ्यात डेस्कटॉप उघडतो, पण आजची वेबपाने उघडणे विसरा. कोअर आय ३, २ जीबी मेमरी आणि १६ जीबी जागा हा व्यवहारातला पाया समजा. ब्राउझर वापरायचा असेल तर मेमरी ४ जीबी असू द्या. डाउनलोड करताना ६४ बिटची प्रत निवडा. ३२ बिटची प्रत फक्त दोघांसाठी आहे: ज्यांचा प्रोसेसरच ३२ बिटचा आहे आणि ज्यांना जुने बीओएसचे प्रोग्रॅम जसेच्या तसे चालवायचे आहेत.

पेनड्राइव्ह

डाउनलोड होणाऱ्या फाइलला एनीबूट म्हणतात. तीच डीव्हीडीवर चालते, तीच पेनड्राइव्हवर. ४ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. फाइल उतरल्यावर तिचा शा-२५६ आकडा (फाइल तंतोतंत उतरली का ते सांगणारा) संकेतस्थळावरच्या आकड्याशी ताडून पाहा. अर्धवट उतरलेली फाइल पुढे भलत्याच चुका दाखवते आणि दोष हार्डवेअरवर जातो.

ती पेनड्राइव्हवर लिहिण्यासाठी विंडोजवर एचर किंवा रूफस हा प्रोग्रॅम चालतो. रूफसने विचारले तर आयएसओ नव्हे, डीडी पद्धत निवडा. आयएसओ पद्धतीत तो फाइली सुट्या करून कॉपी करतो आणि हायकूचे स्वतःचे विभाजन (पार्टिशन) पेनड्राइव्हवर येतच नाही. लिहून झाल्यावर विंडोज म्हणेल की ही डिस्क वाचता येत नाही, फॉरमॅट करू का? नाही म्हणा. विंडोजला हायकूची फाइल सिस्टिम ओळखता येत नाही, एवढेच कारण आहे.

यंत्राच्या सेटिंगमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करा, कारण हायकूच्या लोडरवर, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमवर, मायक्रोसॉफ्टची सही नाही. त्या यंत्रावर विंडोज असेल आणि बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू असेल, तर सिक्युअर बूटला हात लावण्याआधी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. नाहीतर विंडोज पुढच्या वेळी ती मागेल आणि तुमच्याकडे नसेल.

पेनड्राइव्हवरून सुरू केल्यावर भाषा आणि कीबोर्ड विचारणारी खिडकी येते. तिथे आधी ‘ट्राय हायकू’ निवडा आणि वायफाय, आवाज, टचपॅड, पडद्याचे रिझोल्यूशन या चार गोष्टी तपासा. पेनड्राइव्हवर केलेले बदल टिकतात, त्यामुळे आठवडाभर तसेच वापरून पाहायलाही हरकत नाही.

सुरू होताना अडकली तर

सुरुवातीच्या पडद्यावर सात चिन्हे एकामागून एक उजळतात: अणू, भिंगाखालची डिस्क, प्लग-इन कार्ड, बूट डिस्क, चिप, फोल्डर आणि रॉकेट. कोणत्या चिन्हावर गाडी थांबली त्यावरून दोष कळतो. चौथ्यावर, म्हणजे बूट डिस्कवर थांबली, तर कर्नलला (सिस्टिमच्या गाभ्याला) आपलाच पेनड्राइव्ह सापडलेला नाही. पोर्ट बदला, निळ्या यूएसबी ३ पोर्टातून काळ्या यूएसबी २ पोर्टात, किंवा उलट. बरेचदा एवढ्यानेच काम होते. रॉकेट उजळून पडदा काळा झाला, तर दोष बहुधा ग्राफिक्स ड्रायव्हरचा.

बूट लोडरचा मेनू हवा असेल तर जुन्या बायोस यंत्रावर सुरुवातीला शिफ्ट दाबून धरा. यूईएफआय (बायोसची जागा घेणारी नवी पद्धत) असलेल्या यंत्रावर स्पेसबार पुन्हा पुन्हा दाबा. ‘सेफ मोड ऑप्शन्स’मध्ये ‘यूज फेल-सेफ ग्राफिक्स ड्रायव्हर’ला खूण करा. त्यानेही भागले नाही तर ‘डिसेबल एसीपीआय’ करून पाहा. एका वेळी एकच खूण बदला, नाहीतर कशाने सुटले ते कळणार नाही.

डिस्कवर बसवणे

हायकूचे ड्राइव्हसेटअप विभाजने बनवते, पण आधीचे विभाजन लहान करायला त्याच्यावर विसंबू नका. विंडोजशेजारी हायकू ठेवायची असेल तर जागा आधीच विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून किंवा जीपार्टेड या प्रोग्रॅमने मोकळी करा. विंडोजचे फास्ट स्टार्टअपही बंद करा. ते चालू असताना विंडोजची डिस्क अर्धवट मिटलेल्या अवस्थेत असते आणि तिच्यावर दुसऱ्या सिस्टिमने काही लिहिणे धोक्याचे.

पूर्ण डिस्क हायकूला द्यायची असेल आणि यंत्र यूईएफआयचे असेल, तर क्रम असा:

१. इन्स्टॉलरमधून ‘सेट अप पार्टिशन्स’ उघडा. डिस्क निवडून तिच्यावर जीयूआयडी पार्टिशन मॅप (विभाजनांचा नव्या पद्धतीचा नकाशा) करा. इथे डिस्कवरचे सगळे जाते.
२. २५६ एमबीचे एक विभाजन ‘ईएफआय सिस्टिम डेटा’ प्रकाराचे करून ते फॅट ३२ ने फॉरमॅट करा.
३. उरलेल्या जागेत ‘बी फाइल सिस्टिम’चे विभाजन करून त्याच प्रकाराने फॉरमॅट करा. ब्लॉकचा आकार आहे तोच राहू द्या.
४. इन्स्टॉलरमध्ये परतून हे दुसरे विभाजन लक्ष्य म्हणून निवडा आणि ‘बिगिन’ दाबा. काही मिनिटांत कॉपी संपते.
५. डेस्कटॉपवर उजवी क्लिक करून ‘माउंट’मधून पेनड्राइव्हवरचे ‘हायकू ईएसपी’ आणि तुमचे नवे ईएफआय विभाजन दोन्ही जोडा. पहिल्यातला ईएफआय फोल्डर जसाच्या तसा दुसऱ्यात टाका.

पाचवी पायरी बहुतेकांची सुटते. इन्स्टॉलर सिस्टिम कॉपी करतो, पण यूईएफआयचा लोडर जागेवर आहे की नाही ते तुम्हालाच पाहावे लागते. तो नसेल तर पेनड्राइव्ह काढल्यावर यंत्र ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ म्हणते आणि वाटते की सगळेच फसले. फसलेले काही नसते. पुन्हा पेनड्राइव्हने सुरू करून तेवढा फोल्डर टाका.

डिस्कवर विंडोज किंवा लिनक्स आधीपासून असेल तर वेगळे ईएफआय विभाजन नको, आणि तिथल्या ईएफआय फोल्डरातल्या ‘बूट’ नावाच्या फोल्डरावर काही चढवूही नका. त्याच्या शेजारी ‘हायकू’ नावाचा नवा फोल्डर करून लोडरची एकच फाइल त्यात ठेवा. रीफाइंड हा बूट मॅनेजर असेल तर तो फोल्डर तो आपणहून ओळखतो. ग्रब या लिनक्सच्या बूट मॅनेजरमध्ये चेनलोडरची (पुढच्या लोडरकडे सूत्रे देणारी) नोंद हाताने करावी लागते.

बायोसच्या जुन्या यंत्रावर हे काहीच नाही. डिस्कवर ‘इंटेल पार्टिशन मॅप’ असू द्या आणि इन्स्टॉलरच्या ‘टूल्स’ मेनूतून बूट सेक्टर लिहा, झाले. तिथलाच बूट मॅनेजर मात्र जीयूआयडीच्या डिस्कवर चालत नाही.

डिस्कला हात लावायचाच नसेल तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (यंत्रात आभासी यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) ‘अदर, ६४ बिट’ प्रकार, २ जीबी मेमरी, १६ जीबी डिस्क आणि इंटेल प्रो १००० नेटवर्क कार्ड द्या. ईएफआय बंद ठेवले तरी चालते.

पहिल्या दिवशीची डागडुजी

वायफायचे ड्रायव्हर फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडीकडून घेतलेले आहेत. त्यामुळे इंटेलची कार्डे बहुधा लगेच चालतात, बाकीच्यांचा भरवसा कमी. कार्ड दिसतच नसेल तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. तो नेटवर्क कार्डासारखा दिसतो. पहिले अपडेट उतरवायला तेवढे पुरते.

कॉपी-पेस्ट कंट्रोलऐवजी ऑल्टने होते, हे हाताला खटकते. ‘कीमॅप’ सेटिंगमध्ये शॉर्टकट विंडोज-लिनक्स पद्धतीवर नेणारे बटण आहे. पण स्पेसबारशेजारची ऑल्ट अंगठ्याने दाबणे सोपे पडते. दोन दिवस सवय करून बघा, मग ठरवा.

घड्याळ साडेपाच तास पुढे-मागे झाले असेल तर ‘टाइम’ सेटिंगमध्ये हार्डवेअर घड्याळ लोकल टाइमवर आहे की जीएमटीवर ते पाहा. सोबत विंडोज असेल तर लोकल, लिनक्स असेल तर बहुधा जीएमटी.

मराठी वाचकांसाठी एक मोठी अडचण: हायकूच्या स्वतःच्या खिडक्यांमध्ये देवनागरीची जोडाक्षरे जुळत नाहीत, वेलांट्याही भलत्या जागी पडतात. अक्षरे जुळवण्याचे काम तिथला मजकूर काढणारा भाग करत नाही, त्यामुळे नुसता फॉन्ट बदलून उपयोग नाही. क्यूटी या तयार साधनसंचावर बांधलेले प्रोग्रॅम हे काम स्वतः करतात. म्हणून मराठी वाचायला सोबतच्या वेबपॉझिटिव्हपेक्षा फाल्कन हा ब्राउझर बरा. नोटो देवनागरीसारखा एखादा फॉन्ट घालायला विसरू नका. फाइलींची नावे तूर्त रोमनमध्येच ठेवा.

प्रोग्रॅम घालणे, आणि बिघडले तर मागे जाणे

हायकूडेपो या प्रोग्रॅमच्या भांडारातून लिबरऑफिस, व्हीएलसी, क्रिटा वगैरे मिळतात. प्रत्येक प्रोग्रॅम ही एकच पॅकेज फाइल असते. ती सुटी होऊन डिस्कभर पसरत नाही, न उलगडता आहे तशीच सिस्टिमला जोडली जाते. म्हणूनच सिस्टिमचा फोल्डर फक्त वाचता येतो आणि त्यात हाताने काही टाकायला गेलात तर नकार मिळतो. स्वतः बनवलेले काही टाकायचे असेल तर ‘होम’मधल्या ‘कॉन्फिग’ फोल्डरात ‘नॉन-पॅकेज्ड’ नावाची जागा आहे.

या रचनेचा खरा फायदा अपडेट बिघडल्यावर कळतो. प्रत्येक बदलाआधीची स्थिती हायकू जपून ठेवते. बूट मेनूत जाऊन बूट व्हॉल्यूम निवडण्याच्या जागी तारखांची यादी येते. कालची तारीख निवडली की कालची सिस्टिम सुरू होते. तुमच्या फाइली आहेत तशाच राहतात. रोज बदलणाऱ्या नाइटली शाखेवर मात्र सहज उडी मारू नका, तिथून बीटावर परतण्याचा अधिकृत रस्ता नाही.

फाइलींना चिकटलेली माहिती

हायकू वापरण्याचे सगळ्यात सबळ कारण हेच. इथली फाइल सिस्टिम फाइलीला हवी ती माहिती चिकटवू देते आणि तिच्यावर डेटाबेससारखा शोध घेऊ देते. ‘पीपल’मध्ये केलेला प्रत्येक संपर्क ही एक रिकामी फाइल असते, फोन, शहर, गट हे सगळे तिचे गुणधर्म. ट्रॅकरच्या (फाइली दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) खिडकीत त्यांचे स्तंभ उघडा आणि नावावर क्लिक करून तिथल्या तिथे बदला. ‘फाइंड’मध्ये प्रकार ‘पर्सन’ आणि शहर पुणे असा शोध लावला की यादी येते. खिडकी उघडी ठेवून एखाद्याचे शहर बदलले तर तो यादीतून आपोआप गळतो.

स्वतःचा गुणधर्म जोडताना आधी त्याचा इंडेक्स (शोधासाठीची सूची) करावा लागतो, टर्मिनलमधली एमकेइंडेक्स ही आज्ञा त्यासाठी आहे. इंडेक्स होण्याआधीच्या फाइली शोधात येत नाहीत. त्यांच्यावर रीइंडेक्स चालवा. आणि या फाइली फॅटच्या पेनड्राइव्हवर तशाच कॉपी केल्या तर गुणधर्म गळून पडतात, संपर्काची नुसती रिकामी फाइल उरते. बॅकअप घेताना हायकूतच झिप करा आणि हायकूतच उघडा.

अचानक पडद्यावर मजकूर येऊन सगळे थांबले तर तो कर्नल डीबगर आहे. आधी फोनने फोटो काढा, मग बीटी ही दोन अक्षरे टाइप करून एंटर दाबा आणि दुसरा फोटो काढा. विकासकांना सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो. त्यानंतर रीबूट टाइप करा. काही यूएसबी कीबोर्ड तिथे दाद देत नाहीत. तसे झाले तर पहिला फोटो घेऊन पॉवर बटण दाबून धरा, आणि पुन्हा सुरू झाल्यावर सिसलॉगची (सिस्टिमच्या नोंदींची) फाइल त्या फोटोसोबत हायकूच्या बग नोंदणीत जोडा.