हिंजवडीत नोकरी असताना चालत जाता येईल असे घर कसे शोधावे

हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमध्ये नोकरी लागली की घराचा शोध बहुधा भाड्याच्या आकड्यापासून सुरू होतो आणि ‘ऑफिसपासून दहा मिनिटे’ या आश्वासनावर येऊन थांबतो. ही दहा मिनिटे दुचाकीची की पायी, सकाळी नऊची की रविवार दुपारची, हे बहुतेकांना राहायला गेल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी कळते, आणि तोवर अनामत रक्कम भरून झालेली असते. रोज चालत कामावर जायचे असेल, तर शोधाचा क्रम बदलावा लागतो. आधी चालण्याचा रस्ता पक्का करावा आणि मग त्या रस्त्याच्या कडेने घर पाहावे. पुढील पद्धत हिंजवडी समोर ठेवून सांगितली असली, तरी खराडी, चाकण किंवा ऐरोलीसारख्या ठिकाणी नोकरी करणाऱ्यालाही ती तशीच वापरता येईल.

फेज आणि फाटक आधी निश्चित करावे

‘हिंजवडीत ऑफिस आहे’ एवढ्या माहितीवर घर शोधू नये. आयटी पार्कचा पहिला फेज, म्हणजे टप्पा, गावाला आणि छत्रपती शिवाजी महाराज चौकाला लागून सुरू होतो, तर तिसरा फेज तेथून कित्येक किलोमीटर आत, माण गावाच्या बाजूला आहे. एका फेजसाठी सोयीचे असलेले घर दुसऱ्या फेजच्या माणसाला पायी जाण्याच्या दृष्टीने निरुपयोगी ठरते. काही मोठ्या कंपन्यांचे एकाहून अधिक फेजमध्ये परिसर आहेत, त्यामुळे नेमणूकपत्रावरील कंपनीच्या पत्त्यावर विसंबून न राहता आपली टीम प्रत्यक्षात कोणत्या इमारतीत बसते, हे मनुष्यबळ विभागाला लेखी विचारावे. ती इमारत कंपनीच्या मालकीची आहे की भाड्याची, हेही त्याच पत्रात विचारून घ्यावे, कारण भाड्याच्या जागेतील ऑफिस हलण्याची शक्यता अधिक असते.

इमारत कळल्यावर फाटकाची चौकशी करावी. आयटी कंपन्यांचे आवार प्रचंड असते, सभोवती सलग कुंपण असते आणि पायी येणाऱ्यांना प्रत्येक फाटकातून आत सोडत नाहीत. मी पहिले घर घेतले तेव्हा ऑफिसची मागची भिंत गच्चीवरून दिसत होती आणि त्या बाजूला फाटकही होते. राहायला गेल्यावर समजले की ते फाटक फक्त मालाच्या गाड्यांसाठी उघडते. भिंतीला पूर्ण वळसा घालून मुख्य फाटकापर्यंत जायला पस्तीस मिनिटे लागत, आणि तेथून आपल्या मजल्यापर्यंत आणखी सात. अकरा महिने मी ती भिंत रोज उजव्या हाताला ठेवून चाललो. म्हणून घर पाहण्यापूर्वी फाटकावरील सुरक्षारक्षकाला तीन गोष्टी विचाराव्यात: ओळखपत्र दाखवून पायी येणाऱ्याला येथून प्रवेश आहे का, तो कोणत्या वेळेत आहे, आणि रात्री उशिरा बाहेर पडायचे झाल्यास कोणते फाटक उघडे असते.

फाटकापासून मोजणी करावी

सर्वसाधारण माणूस मिनिटाला सुमारे 80 मीटर चालतो. त्या हिशेबाने वीस मिनिटांत 1600 मीटर होतात. परंतु एप्रिलमधील दुपार आणि जुलैमधील संध्याकाळ धरून रोज दोन वेळा चालायचे असेल, तर फाटकापासून दीड किलोमीटरच्या आतच घर पाहावे, असे माझे मत आहे. त्याहून लांबचे घर घेतले, तर पहिल्या महिन्याचा उत्साह ओसरताच हात दुचाकीच्या किल्लीकडे जातो.

हे अंतर मोजताना नकाशावर वर्तुळ काढू नये. फोनमधील नकाशात पायी चालण्याचा पर्याय निवडून, फाटकाच्या नेमक्या बिंदूपासून वेगवेगळ्या दिशांना वाटा काढून पाहाव्यात. पुण्यात 2022 पासून गूगलची रस्त्यावरील छायाचित्रे पाहण्याची सोयही उपलब्ध आहे. त्या छायाचित्रांत दुभाजक कोठे उघडा आहे आणि पदपथ आहे की नाही, एवढे घरबसल्या समजते, मात्र छायाचित्र कोणत्या महिन्यातील आहे ते आवर्जून पाहावे, कारण या भागात वर्षभरात रस्त्याचे रूप पालटते.

नदी आणि महामार्ग यांचा विचार न करता काढलेले अंतर फसवे असते. मुळा नदीच्या एका तीरावर हिंजवडी आणि वाकड आहेत, तर पलीकडे बालेवाडी आणि म्हाळुंगे. पलीकडच्या इमारतीच्या खिडकीतून आपले ऑफिस दिसले, तरी पुलापर्यंत जाऊन परत यावे लागते. मुंबई-बेंगळुरू महामार्गाचा अडथळा त्याहून मोठा आहे. वाकडचा बहुतांश भाग महामार्गाच्या पूर्वेला आणि आयटी पार्क पश्चिमेला असल्यामुळे वाकडहून चालत येणाऱ्याला वाकडचा पूल किंवा भूमकर चौकातील भुयारी मार्ग यांपैकी काहीतरी ओलांडावेच लागते, आणि सकाळच्या वेळी हजारो वाहने त्याच दोन जागांवर एकवटलेली असतात. भाडे आणि दुकाने यांच्या दृष्टीने वाकड उत्तम आहे, तेथे मीही दोन वर्षे राहिलो आहे. परंतु रोज पायी जायचे असेल, तर महामार्गाच्या ज्या बाजूला ऑफिस त्याच बाजूला घर घ्यावे, असे मी ठामपणे सांगेन. पहिल्या फेजसाठी हिंजवडी गाव आणि मारुंजी रस्त्याचा लक्ष्मी चौकाजवळचा भाग, तर तिसऱ्या फेजसाठी माण गाव आणि त्या फेजमधील गृहसंकुले यांपासून शोध सुरू करावा.

तीन वेळा चालून पाहावे

या कामाला पर्याय नाही. घर आवडले तरी एजंटला टोकन देण्यापूर्वी घराच्या दारापासून फाटकापर्यंतचा रस्ता तीन वेळा चालून पाहावा: एकदा कामाच्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास, एकदा ऑफिस सुटण्याच्या वेळी आणि एकदा रात्री साडेनऊनंतर. पावसाळा असेल तर एक फेरी भर पावसात करावी.

चालताना नजर पायाखाली ठेवावी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 2012 च्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शक सूचनांनुसार निवासी भागातही पदपथावर किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी असावी आणि पदपथाची उंची 150 मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. प्रत्यक्षात काय असते, ते एका दीडशे मीटरच्या तुकड्यावरून सांगतो. सुरुवातीला चांगले दोन माणसे शेजारी चालू शकतील असे फरसबंद पदपथ होते. वीस पावलांवर महावितरणच्या रोहित्राचा लोखंडी पिंजरा आला आणि त्याच्या बाजूने जेमतेम एक माणूस, तोही पाठीवरची बॅग पुढे घेऊन, निघू शकत होता. पुढे नारळपाणीवाल्याची हातगाडी आणि शहाळ्यांचा ढीग होता. त्यानंतर एका गृहप्रकल्पाच्या पत्र्याच्या कुंपणाने पदपथ पूर्ण गिळला होता, आणि तेथे मिक्सरची गाडी आत वळत असताना सगळे पादचारी भर रस्त्यावर उतरून उभे होते. पत्रे संपल्यावर पदपथ पुन्हा सुरू झाला, पण पहिल्याच चेंबरवर झाकणाऐवजी झाडाची फांदी उभी केलेली होती. असा तुकडा दिवसा एकट्याने पार करता येतो. पावसात, अंधारात किंवा लहान मुलाचा हात धरून तो पार करता येत नाही. म्हणून जेथे जेथे रस्त्यावर उतरावे लागते ती प्रत्येक जागा मोजावी. माझ्या अनुभवाप्रमाणे एका फेरीत अशा चारपेक्षा अधिक जागा असतील, तर तो रस्ता सोडून द्यावा, मग घर कितीही हवेशीर असो.

रस्ता ओलांडण्याच्या जागांवर घड्याळ लावावे. सिग्नल आहे का, वाहतूक पोलीस कोणत्या वेळेत असतो, दुभाजकापाशी मध्ये थांबायला जागा आहे का, हे पाहावे. एका ओलांडणीला चार मिनिटे थांबावे लागत असेल, तर ते तीनशे मीटर जास्त चालण्यासारखेच आहे. रात्रीच्या फेरीत बंद दुकानांचा लांब पट्टा, दिव्यांचे बंद खांब आणि कुत्र्यांच्या जागा लक्षात येतात. स्त्रियांनी हा भाग विशेष काळजीने पाहावा. रात्री साडेनऊनंतरच्या पाळीत स्त्रीला तिच्या संमतीने काम देताना घराच्या दारापर्यंत वाहनाची सोय करणे महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार मालकावर बंधनकारक आहे, त्यामुळे ऑफिस जवळ आहे या कारणाने ती सोय कोणी नाकारत असेल तर ते मान्य करू नये.

ऑफिसखेरीज इतर वाटाही पाहाव्यात

ऑफिसला पायी जाऊन दुधासाठी दुचाकी काढावी लागत असेल, तर चालत राहण्याजोगे घर मिळाले असे म्हणता येत नाही. दूध, भाजी, किराणा, औषधांचे दुकान, पिठाची गिरणी आणि साधा ताप-खोकला पाहणारा डॉक्टर हे पाच-सात मिनिटांच्या अंतरावर आहेत का, ते सोसायटीच्या वॉचमनला किंवा घरकाम करणाऱ्या मावशींना विचारावे. एजंटपेक्षा त्यांचे उत्तर अधिक खरे असते, कारण त्या मावशी तोच रस्ता दिवसातून चार वेळा पायी तुडवतात. माळावर उभ्या राहिलेल्या एकट्या इमारतीपेक्षा गावठाणाला लागून असलेली साधी इमारत या बाबतीत बहुतेक वेळा सरस ठरते.

घरात दोघे नोकरी करणारे असतील आणि दुसऱ्याचे ऑफिस शिवाजीनगर किंवा बाणेरला असेल, तर हिंजवडी ते शिवाजीनगर या मेट्रो मार्गिकेचा विचार करावा. सुमारे 23 किलोमीटरच्या या मार्गिकेवर 23 स्थानके आहेत आणि ती माणपासून वाकड चौक, बालेवाडी, बाणेर, विद्यापीठ अशी शिवाजीनगरला जाते. एकाने पायी आणि दुसऱ्याने मेट्रोने जावे, अशी जागा स्थानकाजवळ सापडू शकते. मात्र घर घेताना त्या दिवशी प्रत्यक्ष धावणारी गाडीच हिशेबात धरावी. ‘येथून डीपी रोड जाणार आहे’ या वाक्यालाही हाच नियम लावावा. विकास आराखड्यातील रस्ता जमीन ताब्यात येऊन प्रत्यक्ष बांधला जाईपर्यंत किती वर्षे लागतील, हे भाडेकरूने आपल्या भरवशावर घेण्याचे काही कारण नाही.

भाडे आणि करार

फाटकाजवळच्या घराला भाडे जास्त पडते, हे खरे आहे. तेव्हा तुलना केवळ भाड्याची करू नये. समजा, लांबच्या घरून एका बाजूला पन्नास मिनिटे आणि जवळच्या घरून पायी वीस मिनिटे लागतात. महिन्याचे 22 कामाचे दिवस धरले तर पहिल्या घरी सुमारे 37 तास आणि दुसऱ्या घरी सुमारे 15 तास रस्त्यावर जातात. उरलेल्या 22 तासांशेजारी पेट्रोल, गाडीची देखभाल आणि गाडीचा हप्ता मांडावा आणि मग दोन भाड्यांतील फरक पाहावा. पाण्याचा खर्चही विचारावा, कारण वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेत असले, तरी हिंजवडी, माण आणि मारुंजी ही मूळची ग्रामपंचायतींची गावे आहेत आणि तेथील अनेक सोसायट्या टँकरवर अवलंबून आहेत. तो खर्च मेंटेनन्समध्ये धरलेला आहे की वेगळा येणार, हे आधीच कळलेले बरे.

लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. करार साधारणपणे अकरा महिन्यांचा करतात, पण पायी जाणाऱ्याने त्यातील लॉक-इनच्या, म्हणजे ज्या मुदतीआधी घर सोडता येत नाही त्या मुदतीच्या, कलमाकडे अधिक लक्ष द्यावे. ही मुदत तीन महिन्यांहून मोठी नसावी आणि त्यानंतर एका महिन्याच्या सूचनेवर घर सोडता यावे, असे घरमालकाशी बोलून लिहून घ्यावे. ऑफिस दुसऱ्या फेजमध्ये हलले किंवा पावसाळ्यात वाट गुडघाभर पाण्यात गेली, तर हेच कलम उपयोगी पडते.

राहायला गेल्यावर पहिल्या आठवड्यात रस्त्यावरील उघडी चेंबरे, बंद दिवे आणि तुटलेले पदपथ यांची जागेसह छायाचित्रे घ्यावीत आणि तक्रार योग्य कार्यालयात द्यावी. आयटी पार्कमधील रस्ता एमआयडीसीचा, वाकडमधील महापालिकेचा आणि गावातील ग्रामपंचायतीचा किंवा पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा (पीएमआरडीए) असू शकतो. कोणता तुकडा कोणाचा आहे, हे सोसायटीच्या सचिवाला बहुधा ठाऊक असते. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा आणि त्याच वाटेने चालणाऱ्या शेजाऱ्यांनाही तीच तक्रार आपापल्या नावाने करायला सांगावे. आमच्या रस्त्यावरील त्या फांदी उभी केलेल्या चेंबरवर झाकण बसले, ते नऊ जणांच्या तक्रारी एकाच आठवड्यात गेल्यानंतर.