घरातले व्होल्टेज २३० वर का राहत नाही आणि दोष कुठे आहे, हे कसे शोधावे

उन्हाळ्यात संध्याकाळी पंखे मंदावले की पुण्यातल्या अनेक घरांत स्टॅबिलायझर आणण्याचा विचार सुरू होतो. पण व्होल्टेज नेमके कुठे घटते आहे हे आधी शोधले, तर तो खर्च पुष्कळदा टळतो.

घरगुती पुरवठ्याचे ठरलेले व्होल्टेज २३० असले, तरी भारतीय मानकानुसार त्यात १० टक्क्यांची वध-घट मान्य आहे, म्हणजे २०७ ते २५३ व्होल्ट. ज्याला आपण डीपी म्हणतो ते रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) भार नसताना दोन फेजमध्ये, म्हणजे पुरवठ्याच्या तीन जिवंत तारांपैकी दोघींत, ४३३ व्होल्ट देते, आणि एक फेज व न्यूट्रल (परतीची तार) यांमध्ये २५० मिळतात. ही चढी सुरुवात मुद्दाम ठेवलेली असते, कारण तारांमधून जितका जास्त करंट वाहतो तितके व्होल्टेज वाटेतच खर्च होते. म्हणून डीपीजवळच्या घरात मध्यरात्री २४५ आणि त्याच लाइनच्या टोकाला, सगळीकडचे एसी चालू असताना, २१० दिसणे यात बिघाड नाही. सोसायटीच्या गच्चीवर सोलर असेल, तर दुपारी वापर कमी असताना व्होल्टेज उलट चढते.

मोजणीसाठी चांगला मल्टिमीटर घ्यावा, तो एसी (प्रत्यावर्ती प्रवाहाच्या) ६०० किंवा ७५० व्होल्टच्या रेंजवर ठेवावा आणि पायात रबरी चप्पल घालून सॉकेटमधल्या फेज व न्यूट्रलमध्ये पहाटे, दुपारी आणि रात्री आठच्या सुमारास आकडा टिपावा. मग खरी परीक्षा घ्यावी: २ किलोवॉटचा गीझर बंद असताना आणि चालू असताना, त्याच सर्किटवरच्या सॉकेटमध्ये काय फरक पडतो ते पाहावे. तांब्याची अडीच चौरस मिलिमीटरची वायर १५ मीटर लांब असेल, तर घरातल्या वायरिंगमध्ये सुमारे २ व्होल्ट घटतात. ८-१० व्होल्ट पडत असतील, तर कुठेतरी जोड सैल आहे किंवा वायर बारीक आहे. पेठांमधल्या जुन्या वाड्यांत ही शंका आधी घ्यावी. असा जोड तापतो आणि आग लावू शकतो, त्यामुळे परवानाधारक वायरमनकडून तो लगेच तपासून घ्यावा. स्टॅबिलायझर हा दोष फक्त झाकतो.

गीझर बंद असतानाही आकडा पडलेलाच असेल, तर त्याच फेजवरच्या शेजाऱ्यांकडे मोजावे. त्यांच्याकडेही तसेच असेल, तर वेळेसह टिपलेले आकडे जोडून महावितरणकडे लेखी तक्रार करावी. रोहित्राचा टॅप (त्यातून निघणारे व्होल्टेज कमी-जास्त करणारी जोडणी) बदलणे किंवा भार तिन्ही फेजवर नीट वाटणे हे त्यांचे काम आहे.

एक लक्षण मात्र थांबू देत नाही. काही दिवे मंद आणि काही एकाएकी प्रखर झाले, तर न्यूट्रल तुटलेला असू शकतो, आणि अशा वेळी कमी भाराच्या फेजवर व्होल्टेज ४०० च्या दिशेने जाऊ शकते. मेन स्विच तत्काळ बंद करावा, शेजाऱ्यांनाही सांगावे आणि १९१२ वर कळवावे. मीटरचे सील स्वतः कधीही उघडू नये.