पिंपल्सचं क्रीम घेताय? आधी डबी उलटी करा, आणि या चुका टाळा

बुधवारी संध्याकाळी येऊन “ताई, पिंपल्सवर काहीतरी जोरदार द्या ना, रविवारी साक्षगंध आहे” म्हणणाऱ्या पोरींना माझं उत्तर ठरलेलं आहे: रविवारपर्यंत फक्त फोटोग्राफर काही करू शकतो. राग येतो त्यांना. येऊ द्या. नागपुरात औषधाच्या दुकानाच्या काउंटरवर अकरा वर्षं काढली. गिऱ्हाईक बदलतं, चुका त्याच. त्यातली एक तर माझ्याच घरात निघाली, म्हणून आधी ती.

मैत्रिणीने दिलेली ‘तिहेरी’ ट्यूब

माझी भाची हिंगण्याच्या बाजूला हॉस्टेलवर राहते. फेब्रुवारीत तिच्या गालावर सात-आठ पिंपल्स आले. रूममेटने एक ट्यूब दिली. पाच दिवसांत पिंपल्स बसले, वर चेहराही उजळला. मग काय, एक संपली की दुसरी. दुकानदाराने डॉक्टरची चिठ्ठी मागितली नाही, आणि घरात औषधवाली मावशी असून हिने विचारलं नाही.

मे महिन्यात आमच्याकडे सगळ्याच पोरी डोळे तेवढे उघडे ठेवून तोंडाला स्कार्फ गुंडाळतात, त्यामुळे कोणाच्या काही लक्षात आलं नाही. घरी येऊन पन्हं प्यायला तिने स्कार्फ सोडला आणि मी बघतच राहिले. गाल भाजल्यासारखे लाल. कानाजवळ बारीक लव वाढलेली. हनुवटीवर एकाच मापाच्या पुळ्या, मोहरी पेरल्यासारख्या. “दोन दिवस नाही लावलं की आग होते, म्हणून लावूनच राहिली मी,” म्हणाली.

ट्यूब मागवली. कडेला उभी लाल रेघ, वर ‘आरएक्स’ (म्हणजे चिठ्ठीवरच मिळणारं औषध), आणि मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत तीन नावं: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. “क्रीम आहे ना मावशी, औषध थोडीच आहे!”

मोमेटासोन हे स्टिरॉइड आहे. हे तिहेरी मिश्रण डॉक्टर वांगासाठी देतात, तेही मोजके आठवडे. स्टिरॉइडने सूज आणि लाली दबते, म्हणून पाचव्या दिवशी जादू झाल्यासारखं वाटतं. छिद्र तुंबलेलं असतं ते तसंच राहतं. महिनोन् महिने लावलं की कातडी पातळ होते, नव्या पुळ्या येतात, आणि बंद केलं की चेहरा दुप्पट भडकतो. मग माणूस पुन्हा तीच ट्यूब पिळतो. असे चेहरे इतके येतात की आपल्याकडच्या त्वचारोगतज्ज्ञांनी त्याला ‘टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस’ असं नावच देऊन टाकलं. 2018 मध्ये केंद्र सरकारने 14 स्टिरॉइडांची मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. कागदावर. माझ्याच धंद्यातली माणसं ती साबणासारखी विकतात, याची मला लाज वाटते. भाचीचा चेहरा ताळ्यावर यायला दिवाळी उजाडली.

माझी खूण सोपी आहे. नावाचं शेपूट बघायचं: ‘सोन’, ‘सोल’, ‘लोन’. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन. यातलं काही दिसलं आणि चिठ्ठी नसेल, तर ट्यूब परत ठेवायची. केटोकोनाझोलमध्ये नुसता नावाचा झोल आहे, ते बुरशीचं औषध. खरा झोल ‘सोल’मध्ये. आणि तुम्ही आधीच लावत असाल तर हे वाचून आज रात्री घाबरून बंद करू नका. ट्यूब घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. कसं सोडवायचं ते त्यांना ठरवू द्या.

पुढचं चित्र वाचून पैसे देणं

पुढे कडुनिंबाची हिरवीगार फांदी, पाण्याचे थेंब, ‘टी ट्रीची ताकद’. मागे यादी. पाणी, फेस आणणारे दोन-तीन पदार्थ, ग्लिसरीन, फेनॉक्सिइथेनॉल, सुगंध, रंग, आणि सगळ्यात शेवटी टी ट्री तेल. यादी जास्तीकडून कमीकडे लावायची असा आपल्या 2020 च्या कॉस्मेटिक्स नियमांचा दंडक आहे. 1 टक्का किंवा त्याहून कमी असलेले पदार्थ मात्र शेवटी कोणत्याही क्रमाने लिहिले तरी चालतात. फेनॉक्सिइथेनॉल हे प्रिझर्व्हेटिव्ह साधारण 1 टक्क्यापर्यंतच घालतात. म्हणून मी त्या नावावर बोट ठेवते. त्याच्या मागे असलेल्या पानाफुलांचे मी पैसे मोजत नाही. (औषधं याला अपवाद. ती थोडक्या टक्क्यांतही काम करतात, पण मग टक्का छापलेला असतो.)

मी शोधते ती नावं अगदी थोडी: सॅलिसिलिक अॅसिड 0.5 ते 2 टक्के, बेंझॉइल पेरॉक्साइड, अॅडापलीन 0.1 टक्का, आणि सोबतीला नायसिनामाइड 4-5 टक्के. टक्का लिहिलेलाच नाही, तर का लिहिला नाही हे मला विचारू नका. आणि सॅलिसिलिक फेसवॉशमध्ये असेल तर ते अर्ध्या मिनिटात नालीत जातं, हेही लक्षात असू द्या.

‘जास्त टक्का, जास्त गुण’ हा त्यातलाच उपप्रकार. बेंझॉइल पेरॉक्साइड 2.5 टक्के जवळपास 10 टक्क्यांइतकंच काम करतं आणि चेहरा कमी सोलतं. तरी प्रत्येकाला दहाचंच हवं! वरून ते कापडाचा रंग उडवतं. आमच्या सासूबाईंच्या मरून टॉवेलवर माझ्या हाताचे पाच नारिंगी ठसे अजून आहेत. तेव्हापासून माझी उशीची खोळ पांढरी.

शब्दांना भुलणं

‘डर्मॅटोलॉजिकली टेस्टेड’: त्वचेवर लावून पाहिलं, बहुतेक वेळा फक्त खाज-लाली येते का हे बघायला. मुरूम गेले असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही. ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ म्हणजे छिद्रं न तुंबवणारं; त्याची चाचणी एकेकाळी सशाच्या कानावर व्हायची, आणि हा शब्द छापायला आजही सरकारी मोजमाप नाही, तरी सनस्क्रीन घेताना मी तो बघते, नसल्यापेक्षा बरा. ‘केमिकल फ्री’ यावर मी बोलत नाही. पाणीही केमिकलच आहे.

बाकीच्या, पटापट

सात दिवसांत क्रीम बदलणं. आज दिसणारा पिंपल आत काही आठवड्यांपूर्वीच तयार व्हायला लागलेला असतो. 8 ते 12 आठवडे द्या. अॅडापलीनने पहिले काही आठवडे जास्तच बिघडल्यासारखं वाटू शकतं. मी डबीवर बॉलपेनने सुरू केल्याची तारीख लिहिते, म्हणजे मनाला खोटं बोलता येत नाही.

पाच वस्तू एकदम सुरू करणं. आग झाली तर कोणाला धरणार? एक नवी वस्तू, तीन रात्री जबड्याच्या कडेला, मग चेहऱ्यावर.

अॅडापलीन गरोदरपणात नाही. दिवस राहायची शक्यता असेल तरी आधी डॉक्टर.

क्लिंडामायसिन या अँटिबायोटिकचं जेल एकटंच महिनोन् महिने लावणं: जंतू सरावतात. म्हणून डॉक्टर जोडीला बेंझॉइल पेरॉक्साइड देतात.

कपाळावर, छातीवर एकसारख्या खाजणाऱ्या पुळ्या, घामाने वाढणाऱ्या: ते मुरूम नसून बुरशी असू शकते. पिंपल्सच्या क्रीमने जाणार नाही.

लिंबू चोळून उन्हात जाणं. नागपूरच्या उन्हात! चट्टे उठतील, काळे डाग महिनोन् महिने राहतील. टूथपेस्ट दातांना.

डोक्याला चपचपीत तेल आणि कपाळावर पिंपल्स, हे कोडं नाही. स्कार्फ रोज धुवा.

आणि दुपारी बर्डीच्या बाजारातून घेतलेली ट्यूब गाडीच्या डिक्कीत विसरणं. पाकिटावर ‘30 अंशांखाली ठेवा’ छापलेलं असतं, मेमध्ये डिक्कीत हात घालवत नाही. मागच्या उन्हाळ्यात एक दादा तक्रार घेऊन आले, “ताई, माल खराब दिला.” झाकण उघडलं तर वर पाणी, खाली फाटलेल्या दह्यासारखा गोळा. कुठे ठेवली होती विचारलं, तर त्यांनी मुकाट्याने बाहेर उभ्या गाडीकडे पाहिलं.