जुन्या रेकॉर्डी घेताना-विकताना या चुका टाळा

मराठवाड्यातल्या जुन्या वाड्यांचे माळे रिकामे होतात तेव्हा रेकॉर्डींचे गठ्ठे अजूनही निघतात. काही भंगारात किलोवर जातात, तर काहींची किंमत घरचेच लोक लाखात सांगतात. दोन्हीकडे चूक एकच होते. तबकडी किती जुनी आहे हे सगळे विचारतात, सुई जिथून फिरते त्या तिच्या खाचा किती शाबूत आहेत हे कोणी बघत नाही.

जुनी म्हणून महाग, हा समज

लाखेच्या (शेलॅकच्या), मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्या भारतात १९६०च्या दशकातही निघत होत्या. त्यामुळे 'सेव्हंटी-एट आहे म्हणजे शंभर वर्षांची' हा हिशेब चुकतो. लेबलावरचा एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीचा कुत्राही कित्येक दशकं तोच होता. खरोखर जुनी तबकडी ओळखायची तर आधी ती उलटी करा. अगदी सुरुवातीच्या तबकड्यांवर एकाच बाजूला ध्वनिमुद्रण असे. कलकत्त्यात १९०८च्या सुमारास कारखाना सुरू होईपर्यंत त्या जर्मनीत हॅनोव्हरला छापून यायच्या आणि लेबलावर तसा उल्लेख असतो. अशी तबकडी हाती आली तर पुसायलाही घेऊ नका, आधी जाणकाराला दाखवा.

याच्या उलट, बीटल्स या इंग्लिश बँडची गाणी १९६०च्या दशकात भारतात पार्लोफोन या कंपनीच्या लेबलाखाली ७८च्या तबकड्यांवर निघाली. जगात इतरत्र तोवर हा प्रकार जवळपास बंद झाला होता, म्हणून परदेशातले संग्राहक त्यांच्या शोधात असतात. वयाने ती तबकडी कितीतरी धाकटी, पण मागणी मोठी.

घरोघरी खपलेले भजनांचे, आरत्यांचे आणि गाजलेल्या चित्रपटगीतांचे संग्रह आजही भरपूर सापडतात, त्यामुळे त्यांना भाव कमी. पडलेल्या चित्रपटाची एलपी (लाँग प्ले, म्हणजे व्हिनाइलची, संथ फिरणारी मोठी तबकडी) मात्र मुळात कमी खपलेली असते. १९८०च्या दशकाच्या शेवटी बाजार कॅसेटने व्यापला होता, तेव्हाच्या एलपीही थोड्याच निघाल्या. माळ्यावरच्या गठ्ठ्यात लोक नेमक्या याच एलपी नको म्हणून वगळतात.

मराठवाड्यात आणखी एक नुकसान हमखास होतं. हा भाग १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे अनेक घरांत उर्दू कव्वाली, नात (पैगंबरांची स्तुतिगीतं) आणि गझलांच्या तबकड्या आहेत. लेबल वाचता येत नाही म्हणून त्या सरळ कबाड्याला दिल्या जातात. शेजारी-पाजारी उर्दू वाचणारं कोणीतरी असतंच. पाच मिनिटं बसून कलाकाराचं नाव आणि क्रमांक मराठीत उतरवून घ्या, मग काय करायचं ते ठरवा.

क्रमांक न बघता व्यवहार

नुसतं 'अमुक चित्रपटाची एलपी' एवढ्यावर किंमत ठरत नाही. एचएमव्हीच्या एलपींवर ईएएलपी किंवा ईसीएलपीने सुरू होणारा क्रमांक असेल तर ती मोनो (एकाच वाहिनीचा आवाज), ईएएसडी किंवा ईसीएसडी असेल तर स्टिरिओ (डावा-उजवा वेगळा). एकच ध्वनिमुद्रण कधीकधी दोन्ही रूपांत मिळतं आणि दर वेगळे असतात. कव्हरवरचा आणि लेबलावरचा क्रमांक जुळतो का हेही बघा. कव्हर एकाचं आणि आत तबकडी दुसरीच, हे सर्रास आढळतं. दोन तबकड्यांच्या संचात एकच दोनदा असू शकते, म्हणून दोन्ही बाहेर काढून बघा.

रेकॉर्ड कुठून आली हे न विचारणं

लेबलावर किंवा कव्हरवर एखाद्या 'साऊंड सर्व्हिस'चा रबरी शिक्का दिसला तर सावध व्हा. लग्नाच्या मांडवात लाऊडस्पीकरवर किंवा जत्रेतल्या टुरिंग टॉकीजमध्ये खेळाआधी वाजलेल्या या रेकॉर्डी. सुईची दांडी जड असलेल्या मशीनवर, झिजलेल्या सुईने, शेकडो वेळा. वरून त्या चकचकीत दिसतील, पण खाचा आतून घासलेल्या असतात. गाण्याचा आवाज चढला की तो फाटतो आणि 'स', 'श' खरखरतात. तबकडीच्या प्रत्येक बाजूवरच्या शेवटच्या गाण्यात, म्हणजे लेबलाजवळ, हे सर्वात आधी कळतं. ही झीज धुऊन जात नाही.

तपासणी ट्यूबलाइटखाली करू नका. एकच दिवा किंवा मोबाइलचा टॉर्च घ्या आणि तबकडी तिरपी धरून फिरवा. ओरखड्यावरून नख हळूच आडवं न्या. नख अडकलं तर तिथे 'टक्' ऐकू येणारच. मधल्या भोकाभोवती पांढुरक्या रेघांचं जाळं असेल तर ती पुष्कळ वेळा लावली गेली आहे. लाखेच्या तबकडीत केसाएवढी चीर शोधायला ती भोकात बोट घालून अधांतरी धरा आणि कडेला नखाने हलकेच टिचकी मारा. धड असेल तर खणखणीत वाजते, चिरलेली बद्द बोलते.

चुकीच्या सुईने 'वाजवून बघणं'

लाखेच्या तबकडीची खाच रुंद असते, तिला साधारण ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ७५ मायक्रॉनची सुई लागते. एलपीला १ मिल किंवा त्याहून बारीक. जुन्या प्लेअरच्या कार्ट्रिजवर (दांडीच्या टोकाच्या, सुई धरणाऱ्या भागावर) उलटणारी दुहेरी सुई असते. एका अंगाला ७८, दुसऱ्या अंगाला एलपी. ती कुठे वळवलेली आहे हे बघितल्याशिवाय दांडी खाली सोडू नका. चावीच्या ग्रामोफोनवर तर एलपी कधीच लावू नका, त्याची पोलादी सुई एका फेरीत खाच खरवडते. त्या ग्रामोफोनवर लाखेची तबकडी लावतानाही दर बाजूला नवी सुई हवी. तबकडीच्या लाखेत मिसळलेल्या कठीण भुकटीने सुई घासली जाऊन तिला धार येते आणि ती धार पुढच्या तबकडीला कापते.

सगळ्याच रेकॉर्डी संथ, खालच्या पट्टीत वाजत असतील तर दोष रेकॉर्डीचा नाही. अमेरिकेहून आणलेलं मशीन ६० हर्ट्झच्या विजेसाठी बांधलेलं असू शकतं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे वेग सहाव्या हिश्शाने घटतो. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ नाही. वेग डगमगत असेल तर आधी बेल्ट बघा, आपल्या उन्हाळ्यात तो सैल पडतो.

धुताना होणारी कायमची हानी

स्पिरिट किंवा सॅनिटायझर लाखेच्या तबकडीला लावू नका. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, पृष्ठभागच निघून येतो. बोअरचं पाणीही नको, त्यातले क्षार खाचांत बसतात आणि तडतड वाढते. मेडिकलमध्ये मिळणारं डिस्टिल्ड वॉटर एक लिटर घ्या आणि त्यात बिनवासाच्या लिक्विड सोपचे दोन-तीन थेंब टाका. मऊ कापडाने खाचांच्या दिशेने गोल पुसा, मग साध्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा पुसा. लेबल कोरडं ठेवा. लाखेची तबकडी भिजत घालू नका. वाळवायचं ते सावलीत, उभं करून.

वाकलेली एलपी दोन काचांत घालून उन्हात ठेवायचा घरगुती उपाय करू नका. व्हिनाइल ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, आणि मे महिन्यात काचेखाली किंवा बंद गाडीत तेवढं तापमान सहज होतं. तबकडी सपाट होईलही, पण खाचा बिघडतात. पत्र्याखालच्या माळ्यावर तर रेकॉर्डी ठेवूच नयेत. खालच्या खोलीत, भिंतीपासून थोडं अंतर सोडून, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा.

'गुड' म्हणजे चांगली नव्हे

जाहिरातीत 'गुड कंडिशन' वाचून बरेच जण पूर्ण दाम मोजतात. रेकॉर्डीची अवस्था सांगायला संग्राहक गोल्डमाइन या अमेरिकी मासिकाची श्रेणी वापरतात, तिच्यात 'गुड' खालच्या पायऱ्यांवर आहे. ढोबळ हिशेब असा: 'नियर मिंट' (जवळजवळ नवी) रेकॉर्डीचे १००० रुपये धरले, तर 'व्हीजी प्लस'चे (व्हीजी म्हणजे 'व्हेरी गुड') ५००, 'व्हीजी'चे २५० आणि 'गुड'चे १०० ते १५०. कव्हरची श्रेणी वेगळी सांगायची. विकणाऱ्याने दोन्ही बाजूंच्या लेबलांचे आणि तिरप्या उजेडातल्या पृष्ठभागाचे फोटो दिलेच पाहिजेत, हे आमचं ठाम मत आहे.

भाव बघायला डिस्कॉग्ज ही रेकॉर्डींची नोंद आणि खरेदी-विक्री होणारी वेबसाइट उपयोगी आहे, पण तिथे विकणाऱ्याने मागितलेली किंमत धरू नका. प्रत्यक्ष विक्रीचा मध्यम दर बघा, आणि आधी अगदी तोच क्रमांक शोधा. विक्री दोन-तीनदाच झाली असेल तर त्या आकड्यावर विसंबू नका.

पाठवताना एलपी कव्हरमधून बाहेर काढा आणि आतल्या कागदी पाकिटासह कव्हरला लागून ठेवा, नाहीतर हादऱ्याने तबकडी कव्हरची शिवण फाडते. दोन्ही अंगांना खोक्याचे पुठ्ठे लावा, एका पुठ्ठ्यातल्या पन्हाळीसारख्या नळ्या उभ्या, दुसऱ्यातल्या आडव्या. लाखेच्या तबकड्यांना प्रत्येकी दोन पुठ्ठे आणि चहूबाजूंनी निदान ५ सेंटीमीटर फोम लागतो. पार्सल एसटीने जावो की कुरिअरने, त्यावर दुसरी पार्सलं रचली जाणार हे धरूनच बांधा. एप्रिल-मेमध्ये महागडी एलपी पाठवू नका. गिऱ्हाइकाला तसं सांगून पाऊस सुरू होईपर्यंत थांबा, आणि मग प्लॅस्टिकचं एक जादा वेष्टन घाला.