मुलांना टेकडीवर नेताय? या चुका टाळा

पहिल्या वेळी मी बावीस मुलं घेऊन निघाले. प्रत्येकाच्या हातात पंचवीस पक्ष्यांची छापील यादी. मुलांच्या कलकलाटात साळुंकीसुद्धा जवळ फिरकली नाही. यादीवर खूण झाली फक्त कावळ्यापुढे. आता एका मोठ्या माणसामागे सहा मुलं, सातवं नाही.

माथा गाठायचा हट्टही असाच नडतो. पुण्याच्या वेताळ टेकडीवर आपण वेताळबाबाच्या देवळाशी पोचलो की खूश. सात वर्षांच्या पोराला वाटेतलं वारूळ पुरतं. त्याला ओढत पुढे नेलं की 'कंटाळा आला' सुरू. यावर माझ्याकडे एकच तोडगा आहे: दोन मीटर सुतळी. टोकं बांधून वर्तुळ जमिनीवर टाका आणि आत काय काय हलतंय ते मोजायला सांगा. वीस मिनिटं सहज जातात. भिंग असेल तर मग तुम्हालाच 'चला आता' म्हणावं लागतं.

नाव सांगायची घाई करू नका. मृगाचा किडा दिसला की आपण लगेच माहिती ओततो आणि मूल पुढे निघून जातं. त्यापेक्षा तो लाल मखमली जीव मिनिटभर तळहातावर चालू द्या आणि विचारा, पाय किती? आठ. म्हणजे 'किडा' म्हणतो खरा, पण तो कीटक नाहीच, कोळ्यांच्या भावकीतला! (आम्ही लहानपणी तो काडेपेटीत भरून न्यायचो. ते मात्र नको.)

दगड उलटायचा तर मोठ्यांनीच, आणि पलीकडची कड आपल्याकडे उचलून. खाली कुणी असेल तर ते समोरून निघून जातं, दगड मध्ये ढालीसारखा राहतो. मग जसा होता तसा परत ठेवा. मुलं मोठ्या काळ्या इंगळीला घाबरतात, पण लहानसा लाल विंचू जास्त घातक, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्याच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केला, तो कोकणातल्या अशाच रुग्णांसाठी. विंचू असो वा साप, काही चावलंच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं काही नको. मुलाला स्वस्थ ठेवा, 108 ला फोन करा, दवाखाना गाठा.

मे-जूनमध्ये भंडारदऱ्याकडे काजवे बघायला गेलात तर बॅटऱ्या आणि मोबाइल बंद. नर-मादी उजेडानेच एकमेकांना खुणावतात; आपल्या झोतात त्या खुणा बुडतात. गवतातही शिरू नका, माद्या बऱ्याचदा खालीच बसलेल्या असतात.

घरी आल्यावर होणारी चूक आयांची (माझीही). पावसाळा संपल्यावर मोज्यांत कुसळं रुतून येतात आणि आपण ती उपटून कचऱ्यात टाकतो. एक कुसळ ओल्या फडक्यावर ठेवून मुलांना दाखवा. ते पिळा सोडत गरगर फिरतं, असंच ते बी मातीत घुसवतं. बाकीची कुंडीत टाका.