करवंटीच्या कोळशावर निकेलचे एकेकटे अणू

एमएस्सीच्या प्रोजेक्टला आमच्या रत्नागिरीतली पोरं हल्ली हेच मागतात: कार्बन डायऑक्साइडपासून विजेने कार्बन मोनॉक्साइड करायचा, तोही निकेलच्या एकेकट्या अणूंवर. करा की. उत्प्रेरक बनवणं फार अवघड नाही. अणू खरोखर एकटे बसलेत हे दाखवताना घाम फुटतो.

कोळसा करवंटीचा चालतो, आपल्याकडे तिला तोटा नाही. पण जांभ्यात लोह भरपूर. अंगणातल्या करवंट्या तशाच जाळल्यात तर ते आपसूक आत येणार. लोहाचे अणूही हीच अभिक्रिया घडवतात, मग श्रेय कुणाला देणार? म्हणून करवंट्या घासून धुवा, कोळसा रात्रभर हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवा आणि डिस्टिल्ड पाण्याने खळबळून घ्या. विहिरीचं पाणी कितीही गोड असलं तरी इथे नको.

1 ग्रॅम कोळशाला 50 मिलिग्रॅम निकेल नायट्रेट (हेक्साहायड्रेट) पुरे. त्यात निकेल पाचवा हिस्सा, म्हणजे 10 मिलिग्रॅम. हात सैल सोडलात तर अणू एकत्र येऊन कण होतात, आणि कणांवर मुख्यतः हायड्रोजनच सुटतो. जुलैत या नायट्रेटला बाटलीतच पाणी सुटतं, वजन खोटं येतं; डेसिकेटरमधून, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यातून, काढलं की लगेच तोला. निकेलचे अणू धरून ठेवणाऱ्या नायट्रोजनसाठी 10 ग्रॅम डायसायनडायअमाइड घालून सगळं खला आणि आर्गॉनमध्ये 900 अंशांवर तासभर भाजा. धूर विषारी असतो, भट्टी फ्यूम हूडमध्येच, म्हणजे धूर बाहेर ओढणाऱ्या कपाटातच, हवी. मध्येच वीज गेली तरी भट्टी निवेपर्यंत आर्गॉन चालू ठेवा, नाहीतर हाती राख.

मग 0.5 मोलर सल्फ्युरिक आम्लात 80 अंशांवर उकडून सुटे कण काढा. एक्स-रे आलेखात 44.5 अंशांपाशी शिखर आलं तर धातू उरलाय. शिखर नाही म्हणून खूश होऊ नका, बारीक झुबके त्यात दिसतच नाहीत. इंदूरच्या इंडस-2 या सिंक्रोट्रॉनवर एक्झाफ्ससाठी, म्हणजे अणूच्या शेजारी कोण बसलंय हे एक्स-रेने ओळखणाऱ्या चाचणीसाठी, अर्ज करा. निकेल-निकेल बंधाची खूण नसणं हा त्यापेक्षा भक्कम पुरावा.

सेलमध्ये 0.5 मोलर पोटॅशियम बायकार्बोनेट, त्यात अर्धा तास कार्बन डायऑक्साइड सोडा, पीएच 7.2 च्या आसपास येतो. समोरचा इलेक्ट्रोड ग्राफाइटचाच. प्लॅटिनम विरघळून कॅथोडवर, म्हणजे आपल्या उत्प्रेरकाच्या इलेक्ट्रोडवर, बसलं की हायड्रोजन वाढतो. आरएचईच्या (रिव्हर्सिबल हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या) तुलनेत उणे 0.7 व्होल्ट हवे असतील, तर संपृक्त सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडच्या संदर्भ इलेक्ट्रोडवर ते उणे 1.32 होतात.

10 मिलिअँपिअर तासभर, म्हणजे 36 कूलंब. एका रेणूला दोन इलेक्ट्रॉन, तेव्हा सगळा विद्युतभार कामी आला तरी 25 अंशांना जेमतेम 4.6 मिलिलिटर कार्बन मोनॉक्साइड. जीसीत (वायू वेगळे करून मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये) याहून जास्त दिसला, तर आधी कॅलिब्रेशन तपासा. तोच प्रयोग आर्गॉनखालीही करा. बायकार्बोनेटमधून थोडा कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्यामुळे अगदी शून्य येईलच असं नाही. पण आकडा धाडकन पडला पाहिजे. सेलचा वायू थेट हूडमध्ये सोडा: कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि पावसाच्या दिवसांत आपण खिडक्या लावूनच बसतो.