बारापैकी आठ नवीन, मग यंदा आपल्या टीमचं काय होणार?

परवा बास्केटबॉलची प्रॅक्टिस संपल्यावर फर्स्ट इयरचा एक पोरगा बुटाच्या लेस सोडत सोडत म्हणला, दादा, यंदा आपण कुठपर्यंत जाऊ? मी म्हणलं आधी बॉल सांभाळायला शिक मग बोलू. टाळलंच मी. पण रात्री होस्टेलला लाईट गेली, झोप काही येईना आणि डोक्यात तेच चालू. म्हणून जे वाटतंय ते लिहून टाकतोय, ह्या वर्षी टीममध्ये आलेल्यांसाठी आणि पुढच्या वर्षी येणाऱ्यांसाठी पण, कारण पहिल्या वर्षी मला ह्यातलं काहीच कुणी सांगितलं नव्हतं.

मी लातूरला थर्ड इयरला आहे, गाव औशाकडं. बारावीपर्यंत खो-खो खेळलो, बास्केटबॉल हातात धरला तो डायरेक्ट कॉलेजात आल्यावर. पहिल्या वर्षी इंटर कॉलेजला सरांनी मला शेवटच्या दोन मिनिटांसाठी उतरवलं, तेव्हा आपण १८ पॉइंटनी मागं होतो, म्हणजे मी उतरून काही बिघडणार नव्हतं. पहिलाच पास आला आणि मी बॉल छातीशी धरून पळालो. ड्रिबल नाही काही नाही, खो मिळाल्यासारखा पळालो. शिट्टी. ट्रॅव्हलिंग. समोरच्या बेंचवरची पोरं हसली ते हसणं मला अजून ऐकू येतंय. तर मित्रांनो तुमच्याकडून असं झालं तर लाजायचं नाही, तुमचा कॅप्टन त्यातूनच आलाय.

आता टीमचं बघू. मागच्या वर्षीचे पाच जण गेले. तिघं पास आऊट, एकाचं पोलीस भरतीत काम झालं, आणि एक पुण्याला कंपनीत लागला. तो आमचा मेन सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच गडी होता, सहा फूट दोन इंच. तो गेला तेव्हा सर दोन दिवस कुणाशी नीट बोलले नाहीत. राहिलो आम्ही चौघं जुने. बाकी आठ नवीन, त्यातली सहा पोरं फर्स्ट इयरची. बारा जणांचं नाव शीटवर जातं, कोर्टवर एका वेळी पाच, म्हणजे आम्ही चारही जुने एकदम खेळलो तरी एक नवीन लागतोच, आणि चाळीस मिनिटं काही आम्ही चौघं पळू शकत नाही.

ही आठ पोरं कुठून आली ते समजलं की टीम समजते. आपल्याकडं शाळेपासून बास्केटबॉल खेळलेलं पोरगं मिळणं अवघड. गावातल्या शाळेत कबड्डी, खो-खो, फार तर व्हॉलीबॉल. रिंग असलेली शाळा शहरातच. आणि शहरात जी पोरं अंडर फोर्टीन, अंडर सेव्हन्टीन चांगली खेळतात ती अकरावीत गायब होतात, कारण लातूर पॅटर्न. सकाळी क्लास, दुपारी क्लास, रविवारी टेस्ट. दोन वर्षं बॉलला हात नाही. ज्यांचा नंबर लागतो ते एमबीबीएसला निघून जातात, ज्यांचा लागत नाही त्यातला एखादा आपल्याकडं बीएस्सीला येतो, आणि त्याच्या हाताला सगळं आठवत असतं पण पायाला काहीच आठवत नसतं. असा एक आहे यंदा आपल्याकडं. शूटिंग बघा त्याचं, मनगट असं सुटतं की बघत राहावं. पण दुसऱ्या क्वार्टरला, म्हणजे मॅचच्या चार भागांतल्या दुसऱ्यातच, गुडघ्यावर हात ठेवून उभा. त्याला मी सांगितलंय, तीन महिने नुसतं पळ, बॉल तुला येतोच.

दोघं कबड्डीवाले आहेत, एक निलंग्याकडचा, एक अहमदपूरकडचा. ह्यांची मला लई आशा आहे, खरं सांगतो. कबड्डीवाल्याला खाली बसून सरकायची सवय असते, समोरच्याच्या कंबरेकडं बघायची सवय असते, डिफेन्सला अजून काय लागतं? फक्त एक अडचण, हात आवरत नाहीत. समोरचा बाजूनं निघाला की ह्यांचा हात आपोआप त्याच्या पोटाला. पकडच करतात ओ! पाच फाउल झाले की माणूस बाहेर, आणि एका क्वार्टरमध्ये टीमचे चार फाउल झाले की पाचव्यापासून समोरच्याला दोन फ्री थ्रो फुकट. म्हणून आता सर त्यांना डिफेन्सच्या ड्रिलला दोन्ही हातात टॉवेलची टोकं धरून, टॉवेल मानेमागून घेऊन सरकायला लावतात. दिसायला हसू येतं, पण पंधरा दिवसांत फाउल कमी झाले.

व्हॉलीबॉलवाला एक आहे, उदगीरचा. उडी जबरदस्त, पण रिबाउंडला, म्हणजे रिंगला लागून परत आलेला बॉल, पकडायच्या ऐवजी फटका मारतो, सवयच तशी. दोन हातांनी धर, हनुवटीखाली आण, कोपर बाहेर काढ, हे रोज शंभर वेळा सांगावं लागतंय. आणि बॉक्स आउट. उडी कमी असली तरी चालते, आधी समोरच्याला पाठीवर घ्यायचं, मग बॉल बघायचा. तो आधी बॉल बघतो, सगळेच नवीन आधी बॉल बघतात.

बाकी दोघं पोलीस भरतीची तयारी करणारे. सोळाशे मीटरला एक नंबर, दम म्हणाल तर आमच्या चौघांचा मिळून नाही तेवढा. पण ते सरळ पळतात. बास्केटबॉलचं कोर्ट लांबीला २८ मीटर आणि रुंदीला १५ मीटर, त्यात सरळ पळायला जागाच कुठंय, थांब वळ पळ थांब एवढंच असतं. उरलेले दोघं अजून कशात बसतात ते मलाच कळलेलं नाही, त्यातला एक फक्त किट मिळतो म्हणून आला असावा, पण येतोय रोज सहाला, म्हणून मी काही बोलत नाही.

तर लोक मला विचारतात उंचीचं काय, सेंटर गेला आता काय करणार. उंची नाही हे मान्य. रिंग तर सगळ्यांना तेवढीच वर, ३.०५ मीटर म्हणजे बरोबर दहा फूट, १८९१ ला त्या अमेरिकेतल्या मास्तरांनी, नेस्मिथनी, टोपली बांधली तेव्हापासून तेवढीच आहे. पण मला भीती उंचीची नाही. मला भीती आहे टर्नओव्हरची, म्हणजे शॉट मारायच्या आधीच आपण बॉल घालवतो त्याची. आमच्यातला एक पाय मुरगळून बसलाय, त्याला मी वही दिलीय, प्रत्येक प्रॅक्टिस मॅचला आपण किती वेळा बॉल घालवला ते लिहायचं, कुणी घालवला ते पण. पहिल्या मॅचला ३१ निघाले. दुसऱ्याला २७. गेल्या रविवारी २२. आता हिशोब करा, त्यातल्या निम्म्यांवर जरी समोरच्यानं रिंगजवळ जाऊन सोपा ले-अप टाकला तरी वीस-बावीस पॉइंट आपण बसल्या जागी दिले. एवढ्या फरकानं तर आपण हरतो!

वही बघितली की कळतं बॉल कुठं जातो. ट्रॅव्हलिंगचे तीन-चारच असतात, ते नवीन पोरं पटकन शिकतात. जास्त जातो तो पासमध्ये, आणि तोही घाईनं. समोरच्यानं प्रेस लावला, अंगावर दोघं आले, की आपलं पोरगं घाबरून डोक्यावरून लांब पास फेकतं आणि तो मधल्यामधी जातो. आठ सेकंदात बॉल मधली लाईन पार करायचा असतो हे एकदा सांगितलं की ती आठ सेकंद त्यांना दोनच वाटतात. तसंच २४ सेकंदांचं, तेवढ्यात शॉट मारावाच लागतो. आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी बोर्डावर घड्याळ नसतंय, टेबलवर एक जण स्टॉपवॉच घेऊन बसतो आणि शेवटी शेवटी ओरडतो, ते ऐकलं की ज्याच्या हातात बॉल तो कुठूनही मारतो. मी पोरांना घरी एक काम दिलंय, मोबाईलवर २४ सेकंद लावा आणि नुसतं बसून बघा किती वेळ असतो. लई असतो. चार-पाच पास होतात त्यात आरामात.

हे आम्हाला शिकवलं ते रविवारी आमच्याशी मॅच खेळणाऱ्या जुन्या खेळाडूंनी. कॉलेजचीच जुनी मंडळी, कुणी बँकेत, कुणी शाळेत मास्तर, एकाचं खताचं दुकान. पोट सुटलेलं, गुडघ्याला कॅप. आम्ही पहिल्यांदा मनात म्हणलं हे काय खेळणार आता. वीस पॉइंटनी हरवलं त्यांनी. ते पळतच नाहीत, बॉल पळतो. आमची पोरं बॉलच्या मागं पळून पळून दमली आणि दुकानवाले काका एकाच जागी उभं राहून बाउन्स पास टाकत होते, चेहऱ्यावर घाम नाही. चार रविवारांत आम्ही एकच मॅच जिंकली, तीही त्यांचे दोघं लग्नाला गेले होते म्हणून.

आता थोडं प्रॅक्टिकल. कोर्ट आपलं सिमेंटचं, उघड्यावर. श्रावणात कडेला शेवाळ धरतं, तिथं दरवर्षी एक तरी पोरगं आपटतं, त्यामुळं पावसाळ्यात आल्या आल्या आधी पोती आणि वायपर, मग वॉर्म-अप. सिनियर पण वायपर मारतात, मी पण मारतो. बुटाचं म्हणाल तर सिमेंट तळवा खातं, सहा महिन्यांत गुळगुळीत. महागडे बूट घेऊ नका, रनिंगचे तर अजिबातच नको कारण बाजूला वळताना पाय त्यातून निसटतो, घोट्याला धरणारे साधे घ्या आणि मोजे दोन घाला. खाण्याचं मेसमध्ये जे मिळतं ते, पण प्रॅक्टिसनंतर लगेच शेंगदाणे-गूळ किंवा केळी पोटात गेली पाहिजेत, पहिल्या वर्षी मी नऊच्या लेक्चरला उपाशी बसायचो आणि झोपायचो.

कागदपत्रांचं हलकं घेऊ नका. गेल्या वर्षी आमचा एक चांगला खेळाडू केवळ कागद वेळेत न गेल्यानं बाहेर बसला, चूक थोडी त्याची थोडी ऑफिसची, पण बसला तो तोच. दहावी-बारावीचा मेमो, टीसीची झेरॉक्स, बोनाफाईड, आयकार्ड, फोटो, गॅप असेल तर गॅपचं सर्टिफिकेट, हे सगळं एका फाईलमध्ये आत्ताच करून ठेवा, स्पर्धेच्या आदल्या दिवशी झेरॉक्सवाला बंद असतोच.

पुढचा रस्ता असा आहे. आपण नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ युनिव्हर्सिटीत येतो, म्हणजे नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली ह्या चार जिल्ह्यांची कॉलेजं. ह्या युनिव्हर्सिटीचा वाढदिवस १७ सप्टेंबरला, १९९४ चा, म्हणजे मुक्तिसंग्राम दिनालाच. त्या दिवशी झेंडावंदन झालं की सर आम्हाला तसंच कोर्टवर नेतात, सुट्टी वगैरे काही नाही. इंटर कॉलेजमध्ये कुणी चमकला तर युनिव्हर्सिटीच्या ट्रायलला, तिथून सिलेक्शन झालं तर कॅम्प, मग वेस्ट झोन, म्हणजे पश्चिम भागातल्या युनिव्हर्सिटींची स्पर्धा, आणि महाराष्ट्रातल्या युनिव्हर्सिटींची अश्वमेध स्पर्धा वेगळी. युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये लागलात की कलर होल्डर म्हणतात, गावात बॅनर लागतो तो वेगळाच. युनिव्हर्सिटीकडून खेळायला वय २५ च्या आत पाहिजे, हे भरतीत दोन-तीन वर्षं घालवून आलेल्यांनी लक्षात ठेवा.

आणि एक गैरसमज. बरीच पोरं येतात ती पाच टक्के आरक्षणाचं ऐकून. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आहे, खरंय, पण ते नुसतं इंटर कॉलेज खेळून मिळत नाही, वरच्या पातळीचं मेडल लागतंय आणि त्या सर्टिफिकेटची क्रीडा खात्याकडून पडताळणी होते. सर्टिफिकेट विकत देतो म्हणणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका, नोकरी लागल्यावर पण जाते.

तर यंदा कुठपर्यंत? मॅच नॉक-आउट असतात, एक हरली की बॅग भरायची, त्यामुळं ड्रॉ काय निघतो त्यावर निम्मं आहे. पहिली मॅच आपण काढू असं मला वाटतंय. दुसरीला शाळेपासून खेळलेली टीम समोर आली तर तिसऱ्या क्वार्टरपर्यंत आपण बरोबरीनं जाऊ आणि तिथं आपली नवीन पोरं घाबरतील, तेव्हा आम्ही जुने कोर्टवर पाहिजे, म्हणून मी सरांना म्हणलंय की दुसऱ्या क्वार्टरला आम्हाला बसवा आणि पोरांना खेळू द्या, मार खाऊ द्या थोडा. सर अजून हो म्हणले नाहीत. डिफेन्सला आपण टू-थ्री झोन लावू, म्हणजे पुढं दोन, मागं तीन आणि ज्यानं त्यानं आपली जागा सांभाळायची, उंची कमी असल्यावर तेच परवडतंय, बाहेरून शूटर निघाला तर मग कबड्डीवाले आहेतच. वहीतला आकडा १५ च्या खाली आला तर सेमी. नाही आला तर मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही, दुसऱ्या राउंडला एसटी स्टँडवर चहा पिताना भेटू.

ज्यानं परवा विचारलं होतं त्यानं रविवारी एकट्यानं सहा वेळा बॉल घालवला, वहीत आहे. उद्या सहाला त्याला मी पंधरा मिनिटं आधी बोलावलंय, गेटची चावी वॉचमनकाकांकडं असते, झोपले असतील तर खिडकी वाजवायची.